एफटी-८ वर पॉवर टिकत नाही, एसडब्ल्यूआर उडतो : दोष ऑडिओत की अँटेनात?

एफटी-८ म्हणजे हौशी रेडिओवर संगणकाच्या सुरांनी छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत. तिच्यात दिसणारी लक्षणं अशी. सकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) ४० वॅट व्यवस्थित जात होते. दुपारी १० मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झ) गेलं तर मीटर १२ वॅटच्या पुढे सरकत नाही. सॉफ्टवेअरचा पॉवर स्लायडर वर ओढून ३० केले, संध्याकाळी परत ४० मीटरवर आलं तर ७० वॅट आणि एएलसी (जास्त आवाज आला की पॉवर आपोआप दाबणारं रेडिओतलं सर्किट) पार टोकाला. पाऊस सुरू झाला की यात एसडब्ल्यूआरची (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) भर पडते. मे महिन्यात १.२ असलेला आकडा जुलैत २.५ होतो आणि ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवून घेणारं उपकरण) खटखट करत बसतो. मग पुन्हा हात स्लायडरकडेच जातो.

हात तिकडे जातो म्हणूनच हा त्रास परत परत येतो. एफटी-८ चालवणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरच्या खिडकीत उजवीकडे जो उभा पॉवर स्लायडर आहे, तो रिगची, म्हणजे रेडिओ यंत्राची, पॉवर बदलत नाही. साउंड कार्डातून रिगकडे जाणारा आवाज किती डेसिबलनं दाबायचा, एवढंच तो ठरवतो. रिगची पॉवर रिगच्या नॉबवर किंवा मेनूत ठरते. अँटेनाचा दोष असेल तर तो या स्लायडरनं कधीच सुटणार नाही. उलट आवाज वाढत जाऊन सिग्नल खराब होईल. तेव्हा आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. त्याला एकच हत्यार लागतं, डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा ५० ओहमचा रेझिस्टर.

डमी लोड विकत घ्यायलाच हवा असं नाही. १ किलोओहमचे, २ वॅटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट होतात. वायरवाउंड रेझिस्टर वापरू नका. ते आतून गुंडाळीच असतात, त्यामुळे २८ मेगाहर्ट्झवर ५० ओहम राहत नाहीत. जोडणीच्या तारा बोटभर सुद्धा लांब नकोत. असा लोड २० वॅटच्या चाचणीला निवांत पुरतो.

आता अँटेना काढून लोड लावा. ट्यूनर बंद. रिगची पॉवर २० वॅटवर ठेवा, ट्रान्समिटचा सूर १५०० हर्ट्झवर आणा आणि सॉफ्टवेअरचं सलग सूर पाठवणारं ट्यून बटण दाबून प्रत्येक बँडवर दहाच सेकंद बघा. पॉवर, एएलसी आणि पुरवठ्याचे व्होल्ट असे तीन आकडे वहीत लिहा. लोडवरसुद्धा पॉवर बँडगणिक उडत असेल, तर अँटेनाला बोल लावू नका. दोष खोलीतच आहे. लोडवर सगळं सरळ आणि अँटेना लावताच बिघडत असेल, तर खालचा ऑडिओचा भाग सोडून पुढे जा.

खोलीतला दोष

सगळ्यात जास्त वेळा फसवणारी गोष्ट सेटिंग्जमधल्या ऑडिओच्या पानावर खाली आहे. तिथे 'रिमेंबर पॉवर सेटिंग्ज बाय बँड' या नावाखाली दोन चौकटी आहेत, एक ट्रान्समिटची, एक ट्यूनची. ट्यूनच्या चौकटीत खूण असेल तर ट्यून दाबताच स्लायडर आपोआप ट्यूनसाठी साठवलेल्या जागी उडी मारतो आणि ट्यून सोडला की परत आपल्या जागी येतो. म्हणजे ट्यून दाबून ठेवून तुम्ही काळजीपूर्वक ३० वॅट लावता, आणि खरं ट्रान्समिशन सुरू झालं की स्लायडर मागच्या आठवड्यातल्या जागेवर जाऊन ७० वॅट देतो. लावलेलं सेटिंग आपोआप पुसलं गेलं असं वाटतं ते यामुळे. यावर साधा उपाय हा की ट्रान्समिटची चौकट चालू ठेवा आणि ट्यूनची बंद. मग दर बँडला एकदा डमी लोडवर स्लायडर बसवा. तो बँड बदलला तरी आपली जागा लक्षात ठेवेल. दोन्ही चौकटी बंद ठेवल्या तर सगळ्या बँडना एकच जागा मिळते, आणि अगदी सुरुवातीला दिलेली ७० वॅटची तक्रार बरोबर तिथूनच निघते.

दुसरा गुन्हेगार विंडोज. मोठं अपडेट आलं किंवा यूएसबीची केबल दुसऱ्या सॉकेटात लावली की साउंड कार्ड नव्यानं नोंदवलं जातं आणि त्याचा आवाज कुठल्या तरी भलत्याच आकड्यावर जातो. रिगचं यूएसबी ऑडिओ कोडेक बरेचदा डिफॉल्ट उपकरणही बनून बसतं. मग मेल आल्याची टिंगटिंग १४.०७४ मेगाहर्ट्झवर (२० मीटर बँडवरची एफटी-८ ची जागा) हवेत जाते. म्हणून डिफॉल्ट उपकरण लॅपटॉपचा स्पीकर ठेवा. कोडेकचा फॉर्मॅट ४८,००० हर्ट्झ, सगळी 'एन्हान्समेंट' बंद, आणि साउंडच्या कम्युनिकेशन्स पानावर 'डू नथिंग'. कोडेकचा आवाज एकदा ठरवून कागदाच्या चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवून टाका. पुढच्या वेळी पॉवर घसरली की पहिली नजर त्या आकड्यावर गेली पाहिजे.

पॉवर बँडप्रमाणे नाही तर धबधब्यावरच्या (खिडकीतल्या सिग्नलांच्या रंगीत पट्ट्यावरच्या) जागेप्रमाणे बदलते आहे का, हेही पाहा. सूर ३०० हर्ट्झवर असताना २५ वॅट, १५०० वर ४०, २७०० वर २०, असं असेल तर रिगचा एसएसबी (बोलण्याच्या मोडचा) फिल्टर दोन्ही कडांना आवाज खातो आहे. तो बिघाड नव्हे, फिल्टरचं कामच ते. रेडिओच्या पानावर 'स्प्लिट ऑपरेशन' हे 'रिग' किंवा 'फेक इट' करा. त्यानंतर सॉफ्टवेअर रिगची फ्रिक्वेन्सी सरकवून सूर नेहमी १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतं. याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. ७०० हर्ट्झचा सूर जोरात दिला की त्याचे १४०० आणि २१०० वर भाऊबंद तयार होतात, ते फिल्टरमधून आरामात निसटतात आणि दुसऱ्याच्या जागेवर बसतात. १५०० च्या वरच्या सुराचा दुप्पट आकडा ३००० च्या पुढे जातो, म्हणजे फिल्टरच्या बाहेर.

रिग नुसत्या यूएसबी मोडमध्ये (इथे यूएसबी म्हणजे अपर साइडबँड, केबल नव्हे) आहे की डेटा मोडमध्ये, तेही तपासा. आयकॉम आयसी-७३०० वर यूएसबी-डी, येसूच्या ९९१ए वर डेटा-यूएसबी. साध्या मोडमध्ये बोलण्यासाठी लावलेला कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर डिजिटलच्या सुरावरही बसतात, आणि मग कुठलाच आकडा स्थिर राहत नाही.

एएलसीबद्दल मतं फार आहेत, म्हणून कारणासकट. एफटी-८ चा सिग्नल सलग एकाच उंचीचा असतो. १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर. अशा सिग्नलला एएलसीनं थोडं दाबलं तर फार बिघडत नाही. पीएसके-३१ ची उंची मात्र सारखी खालीवर होते, तिथे हेच दाबणं शेजाऱ्यांवर चिखल उडवतं. खरी अडचण वेगळी आहे. रिगचा नॉब १०० वरून ३० वर आणला की रिग एएलसीच्याच जोरावर पॉवर रोखते. १०० ला योग्य असलेला आवाज ३० ला जास्त होतो. त्यामुळे नॉब हलवला की स्लायडर पुन्हा बसवायचा, असा नियमच ठेवा. क्रम हा: स्लायडर तळाशी, रिगवर हवी ती पॉवर, ट्यून, मग स्लायडर हळूहळू वर. एएलसी पहिल्यांदा हलला की थांबा आणि तो पुन्हा शून्यावर जाईपर्यंत किंचित खाली या. एलेक्राफ्टच्या के-३ आणि केएक्स-३ ला हा नियम लागू नाही. तिथे चार रेघा पूर्ण आणि पाचवी लुकलुकती असावी लागते.

युबिटेक्ससारख्या घरी जोडलेल्या रिगला एएलसीच नसतो. तिथे आवाज वाढवत जा, मीटरवरची पॉवर वाढायची थांबते ती जागा पकडा आणि तिथून पॉवर साधारण पाव भाग कमी होईल इतकं मागे या. या रिगवर ७ मेगाहर्ट्झला ८-१० वॅट आणि २८ ला एक-दोन वॅट मिळणं हे तिच्या आयआरएफ-५१० ट्रान्झिस्टरचं स्वाभाविक वागणं आहे. स्लायडरनं ते भरून निघत नाही, नुसती विकृती वाढते.

खोलीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे पुरवठा. १०० वॅटची रिग पूर्ण पॉवरला २० अँपिअरच्या आसपास ओढते. पुरवठा आणि रिग यांच्यात दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर दोन मीटर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे सुमारे ०.०५ ओहम, २० अँपिअरला एक व्होल्ट वायरमध्येच गेला. त्यात फ्यूजचं भांडं सैल असेल तर आणखी. मल्टिमीटर पुरवठ्याला नव्हे, रिगच्या मागच्या कनेक्टरला लावून ट्रान्समिटच्या वेळी बघा. १३.८ चे १२.८ होत असतील तर ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची वायर टाका. शेताच्या लाइनवर संध्याकाळी पंप चालू झाले की दाब खाली येतो, तेव्हाही हेच मोजून बघावं. काही एसएमपीएस (स्विचिंग पुरवठे) तेव्हाच हात टेकतात.

छतावरचा दोष

डमी लोडवर सगळं ठीक, अँटेनावर बिघाड. आता पहिली चाचणी दोन पॉवरची. ५ वॅटवर एसडब्ल्यूआर मोजा, मग ४० वॅटवर. दोन्हीकडे आकडा तोच असेल तर लांबी, केबल किंवा परिसर यांत शोधा. ५ ला १.३ आणि ४० ला दोन-तीन पाळ्यांनंतर २ होत असेल, तर काहीतरी तापतं आहे किंवा ठिणगी पाडतं आहे. एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेल्या) अँटेनाच्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरमध्ये एफटी१४०-४३ हा फेराइट कोर असेल तर बोलण्याच्या १०० वॅटला तो टिकतो, पण एफटी-८ च्या सलग ५० वॅटला भाजून निघतो. पाळी संपताच पॉवर बंद करून डबीला हात लावून बघा. गरम लागली तर पॉवर २५ वर आणा किंवा एफटी२४०-४३ चा कोर लावून २ आणि १४ वेढ्यांनी नव्यानं गुंडाळा.

पावसाळ्यातला मुख्य दोषी केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर. वरवर काळी टेप गुंडाळलेला असतो, आणि आत पाणी. उघडून पाहिलं तर जाळी तांब्याची दिसायच्या ऐवजी काळी पडलेली, मधे मधे हिरवी भुकटी, आणि चाकूनं वरचं आवरण आणखी हातभर सोललं तरी काळेपणा संपत नाही. केशवाहिनीसारखी ती जाळी पाणी आत ओढत नेते. इतकी केबल कापून टाकायचीच, नवा कनेक्टर जुन्या जाळीवर बसवायचा नाही. नवीन जोडावर आधी रबराची स्वतःला चिकटणारी टेप ताणून, खालून वर, निम्मी निम्मी एकमेकांवर चढवत. त्यावर साधी पीव्हीसी टेप, उन्हापासून रक्षण म्हणून. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे वापरू नका, तो सुकताना निघणारं आम्ल तांबं खातं. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकून जावं. महाबळेश्वर, कोयना, पाटण या बाजूला हे काम दर वर्षी मेअखेर करावं लागतं. सांगलीकडे दोन वर्षांनी चालतं.

इथे एक उलटी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावर फार जण फसतात. केबलमध्ये पाणी गेलं की एसडब्ल्यूआर दर वेळी वाढतोच असं नाही, पुष्कळदा तो सुधारतो. परत येणारी शक्ती येता येताच केबलमध्ये जिरते आणि मीटरला दिसत नाही. केबलची एकेरी हानी ३ डेसिबल असेल तर दुसऱ्या टोकाला काहीही जोडलेलं नसतानासुद्धा खोलीत एसडब्ल्यूआर ३ च दिसतो! तेव्हा पूर्वी २८ मेगाहर्ट्झवर १.८ असलेला अँटेना काही न करता १.२ झाला, आणि समोरच्यांकडून मिळणारे सिग्नलचे रिपोर्ट मात्र खाली आले, तर आनंद मानू नका. केबल तपासा.

तपासायची रीत: वरच्या टोकाला अँटेना सोडवा, टोक उघडं ठेवा, खाली नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) लावून रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती किती डेसिबलनं कमी आहे तो आकडा) वाचा. त्याचा निम्मा म्हणजे एकेरी हानी. २५ मीटर चांगल्या आरजी-५८ ची हानी ७ मेगाहर्ट्झला साधारण १ डेसिबल आणि २८ ला साधारण २. म्हणजे मीटरवर २ आणि ४ दिसावेत. २८ ला ७-८ दिसले तर केबल गेली. तशीही २ डेसिबल म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पॉवर वाटेतच. वरच्या बँडवर काम करायचं असेल तर आरजी-२१३ ला पैसे घालणं पॉवर वाढवण्यापेक्षा शहाणपणाचं.

नॅनोव्हीएनए वापरताना पट्टा छोटा ठेवा. जुन्या यंत्रात एका फेरीत १०१ च बिंदू असतात. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा अख्खा पट्टा ठेवला तर दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झ पडतात, ४० मीटरची खळगी (एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असतो ती जागा) त्या फटीतच हरवते. ६.९ ते ७.३ असा पट्टा लावा, आणि तो लावल्यानंतर उघडं, शॉर्ट, ५० ओहम असं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

खळगी भलत्या ठिकाणी असेल तर लांबीचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या लहरीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ; ७.०७४ ला २०.२ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१. खळगी १०० किलोहर्ट्झ खाली असेल तर प्रत्येक बाजूला साधारण १४ सेंटिमीटर कमी करायचे. तार कापू नका; टोक मागे दुमडून तिच्याच अंगावर घट्ट गुंडाळा. पीव्हीसी आवरणाची वायर असेल तर अंतिम लांबी दोन-चार टक्के कमी भरते.

पण कापाकापी करण्याआधी आजूबाजूला बघा. तासगाव-मिरज भागात अँटेना द्राक्षबागेवरून गेलेला असतो. मांडवाच्या जस्ताच्या तारा डझनावारी, शेकडो फूट लांब, लोखंडी अँगलला बांधलेल्या. डायपोल त्यांच्यावर चार-पाच मीटरवर आणि त्यांना समांतर असेल तर तो त्या तारांनाही आपल्यात ओढतो. खळगी सरकते, वारा सुटला की आकडा नाचतो, आणि गंजलेल्या गाठी डायोडसारख्या वागून ट्रान्समिटच्या वेळी भलत्याच ठिकाणी गुरगुर निर्माण करतात. अँटेना मांडवाच्या तारांना काटकोनात टाका, मधला बिंदू ८-१० मीटर उंच घ्या, आणि टोकं मांडवापासून बाहेर न्या. ट्यूनरनं हे झाकता येतं, सुधारता येत नाही.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर अडचण निराळी. उलट्या व्हीची (मध्य उंच, दोन्ही टोकं खाली असलेल्या डायपोलची) एक बाजू अंगणाच्या चार मीटरवर, दुसरी दरीवर मोकळी. दोन्ही बाजूंना जमीन वेगळी दिसते, तोल जातो आणि राहिलेला प्रवाह केबलच्या बाहेरच्या अंगावरून खोलीत येतो. ओळखायची खूण: पॉवर २० वॅटपर्यंत सगळं छान, ४० केले की यूएसबी तुटते, माउस गोठतो किंवा पीटीटी (ट्रान्समिटचा स्विच) सुटतच नाही, आणि डमी लोडवर ४० वॅटलाही काही होत नाही. केबल हातानं धरली की एसडब्ल्यूआर बदलत असेल तर शंका उरत नाही. एफटी२४०-३१ कोरवर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे घेऊन तो चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) थेट अँटेनाच्या मध्यावर बसवा. यूएसबी केबलला दोन्ही टोकांना ३१ मिश्रणाचे क्लिप-ऑन फेराइट लावा, आणि केबल दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नका.

ट्यूनरचं काम शेवटी. आयसी-७३०० सारख्या रिगच्या आतला ट्यूनर ३:१ पर्यंतच जुळवतो. बहुतेक रिग २ च्या पुढे स्वतःहून पॉवर खाली आणतात, त्यामुळे जुळवणी झाली की पॉवर परत येते. केबलवरचा एसडब्ल्यूआर मात्र होता तसाच राहतो. रिगच्या ट्यूनरला त्याच्याच बटणानं जुळवू द्या, सॉफ्टवेअरचं ट्यून दाबून नव्हे. आणि चालू पाळीत तर कधीच नाही, पूर्ण पॉवर चालू असताना ट्यूनरचे रिले उघडले की त्यांची टोकं जळतात. बाहेरचा हाती ट्यूनर असेल तर सॉफ्टवेअरचं ट्यून वापरा, पण ५ ते १० वॅटवर, आणि १४.०७४ वर कुणाच्या अंगावर सूर नाही ना हे धबधब्यावर पाहून.

बॅटरीवर चालवण्याची तयारी ठेवणाऱ्यांनी, आणि सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांनी ती ठेवावीच, हे सगळे आकडे बॅटरीवर वेगळे लिहून ठेवावेत. १३.८ व्होल्टला बसवलेला स्लायडर बॅटरीवर चालत नाही. आयसी-७३०० ची खालची मर्यादा ११.७ व्होल्टच्या आसपास आहे. शिसं-आम्लाची बॅटरी २० अँपिअरला तिथे लवकर पोचते आणि ऐन ट्रान्समिटमध्ये रिग बंद पडते. बॅटरीवर रिगची पॉवर २० वॅटवर आणून स्लायडर नव्यानं बसवा, आणि वहीत त्या रकान्यावर 'बॅटरी' असं लिहा.